मुक्कामी गाडीतला डबा

१० नोव्हेंबर ९७
गुडघा रात्रभर ठसठसला. तरी पहाटं चार भाकरी थापल्या, कारलं केलं. निमोण्याची मुक्कामी गाडी सुटायच्या आत शेलार मास्तराच्या हातात डबा दिला. बरा कंडक्टर हाय, डबा आडवा करत न्हाई. पुण्यात शिवाजीनगर स्टँडावर सुनी न्यायला येती आन् कालचा डबा त्याच्याकडं देती. नात माझी. विद्यापीठात एम्ये करती, इतिहासात. इतिहास शिकून कुणाचं काय भलं झालं म्हाईत न्हाई.
तिचा बाप, माझा दत्तू, सारखं म्हणतो, हॉस्टेलात नंबर लागला म्हणून पाठवली, न्हाईतर शिरूरच्या पुढं जाऊ दिली नसती.

११ नोव्हें.
कालचा डबा आला. कारल्याची एक फोड शिल्लक न्हाई. सुनीनं जन्मात कारलं तोंडाला लावलं न्हाई. ल्हान असताना भिंतीवर फेकलं होतं, डाग अजून हाय.
आत कच्च्या चिंचा. तिथल्या झाडाच्या. डबा मोकळा परत करू नये, एवढं तरी ध्यानात ठिवलंय.

१४ नोव्हें.
परत कारलं धाडलं होतं, मुद्दाम. साफ. मग खातंय कोण? पोरगा असंल तर तंगडी मोडीन, दोघांचीबी. दत्तूला बोलले न्हाई. त्याचं डोकं म्हंजी दूध, नजर हटली की उतू गेलं.

१९ नोव्हें.
डब्यासंगती मीच गेले, थेट हॉस्टेलातल्या खोलीवर. दत्तूला म्हणलं, दाताच्या डॉक्टरकडं जाते. माझ्या तोंडात दात किती राह्यलेत ते त्यानं कवा बघितलंय.
पोरगा न्हाई निघाला. निघाली रेश्मा शेख, दौंडची. बाप रेल्वेत रुळांचे सांधे बदलतो.
सुनीचं नाव हॉस्टेलच्या यादीत लागलंच न्हाई. घरी खोटं सांगितलं. आल्यापासनं रेश्माच्या खाटेवर झोपती. एकीचं डोकं उशाला, दुसरीचं पायथ्याला. अशा लई पोरी राहतात म्हणं चोरून. त्यांना तिथं पॅरासाईट म्हणतात. म्हणलं, म्हंजी काय? सुनी मान खाली घालून म्हणली, "आंब्यावरचं बांडगूळ, आजी."
कारलं जातं रेश्माच्या पोटात. खाटेचं भाडं.
"आमच्यात कारल्यात खिमा भरतात, आजी."
"मी न्हाई भरनार."
"नका भरू. तुमचंच बरंय."
लबाड हाय.
तेवढ्यात दार वाजलं. खोल्या तपासणारी बाई. सुनी कपाटामागं.
"ह्या कोण?"
रेश्मा म्हणली, "माझी दादी."
बाईनं माझं नऊवारी बघितलं, कपाळावरचं गोंदण बघितलं. "शेखांची दादी?"
म्हणलं, "व्हय, हिचीच. तुमच्यात आज्या नस्त्यात का?"
गेली. पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. मी खाटेवर बसले. या वयात खोटं बोलायला अंगात जोर लागतो.
निघताना सुनीनं मोठी इमारत दावली. पूर्वी तिथं गोरा लाटसाहेब राहायचा. सैपाकघर लांब, म्हणून जेवण आणायला जमिनीखालनं भुयार. साहेबाला ताट दिसावं, ताट आणणारा दिसू नये. ही असली माहिती लेकराला शिकवतात. म्हणलं, लपूनछपून जेवण आणायची रीत इथली जुनीच हाय तर.

२० नोव्हें.
दत्तू: "काढला का दात?"
"डॉक्टर म्हणला राहू दे."
भाकरी आजपासनं सहा.

४ डिसेंबर
दत्तू म्हणतो डबा जड झालाय. म्हणलं, शिकून भूक लागती. तुला कुठनं कळणार.

६ जानेवारी ९८
थंडी. हात वळत न्हाईत, पीठ मळताना बोटं लाकडासारखी. दत्तूला सांगून टाकावं वाटतं. पोरगी घरी यील, मला पहाटंची झोप मिळंल. एक वाक्य बोलायचं, बस.
न्हाई सांगितलं. मला तिसरीतनं काढलं तवा माझ्यासाठी कोण खोटं बोललं होतं?

२ फेब्रु.
मास्तरानं हळूच निरोप दिला. "सुनी म्हणली, फकस्त आजीला सांगा. मॅडम खोल्या तपासणार हायत, नाव नसलेल्या बाहेर." परीक्षा एप्रिलात. तवर कुठं राहणार? पुण्यात आमचं हाय कोण.
रातभर कूस बदलली.

४ फेब्रु.
डबा भरलेलाच परत आला. न्यायला कुणी आलं न्हाई. मास्तर म्हणला, "लई वेळ थांबलो मावशी, पण गाडी सोडावी लागली."
दत्तू ओट्यावरच होता. "का गं आई?"
"अभ्यास असंल."
शिळी भाकरी मीच खाल्ली. सहाच्या सहा न्हाई गेल्या, उरलेल्या म्हशीला.

५ फेब्रु.
आजबी तसंच. दत्तूनं डबा उघडून बघितला. ते वाईट. उद्या-परवा पुण्याला जातो म्हणला, बाजाराचं काम हाय म्हणं. त्याचं बाजाराचं काम मला म्हाईत हाय.

६ फेब्रु.
डब्याच्या खालच्या कप्प्यात कारलं, वरच्यात मेथी. मेथी सुनीची. ताट चाटून पुसून खाती. कारलं दुसरीचं. कोण राह्यलंय ते डबाच सांगंल.
संध्याकाळी मास्तर म्हणला, "आज नेला डबा. दुसरीच पोरगी वाटली. ओढणी तोंडावर होती. नाव इचारलं तर डबा घेऊन पळालीच."

७ फेब्रु.
डबा आला. कुणी गाडीत ठिवला ते मास्तरानं बघितलं न्हाई. दत्तूच्या आधी मी गावच्या स्टँडावर जाऊन बसले होते, तिथंच उघडला.
कारलं संपलंय.
मेथी अर्धी.
अर्धी म्हंजी काय समजायचं? सुनीनं खाल्ली, पण जीव लागला न्हाई? का रेश्मानंच थोडी चाखली आन् ठिवली? चिंच न्हाई आत. डबा धुतलेलाबी न्हाई.
अर्धी मेथी मी तिथंच खाऊन टाकली, डबा पदरानं पुसला.
घरी आले तर दत्तू दारात. उद्या रविवार, पयल्या गाडीनं पुण्याला जाणार म्हणतो.
"काय म्हणती पोरगी?"
म्हणलं, "जेवली."