फ्लेक्सवर न मावलेला शब्द

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार

प्रिय सगीरा,

काल मी पुंडलिकनगरला तुझ्या भावाच्या, नवाबभाईच्या घरी दुसऱ्यांदा येऊन गेले. तुझ्या भाचीनं, आमरीननं दार उघडलं आणि मान खाली घालून सांगितलं, फुफी घरात नाही. तुझ्या चपला दारातच होत्या. त्या पोरीला खोटं बोलायला लावलंस, आणि तिला ते जमतही नव्हतं, कान लाल झाले होते तिचे. मला राग आला नाही. रागवायला मला तोंड कुठं राहिलंय? गाडीत येऊन बसले तर ड्रायव्हरला कुठं जायचं तेच सांगता येईना. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

तुझ्या निलंबनाचं मला आधीपासून माहीत होतं असं तुला वाटत असणार. आमदार आहे, हिच्याकडं सगळ्या बातम्या आधी येतात, असं. अगं, शपथ घेऊन सांगते, मला ते गेल्या रविवारी कळलं. तेही हातात माइक असताना, चारशे माणसांसमोर, माझ्याच तोंडून. तीन दिवस झाले, अजून माझा माझ्या कानांवर विश्वास बसत नाही. पस्तीस वर्षं आरोग्य सेविकेची नोकरी केलीस, चौदा महिन्यांवर निवृत्ती आली, आणि आता शुक्रवारी खुलासा द्यायचा शेवटचा दिवस. खुलासा पटला नाही तर बडतर्फी, म्हणजे पेन्शनही गेली. हे सगळं मला सरकारी कागदावरून कळावं! तुझ्याकडून नाही, कागदावरून.

शाळेत बाई म्हणायच्या ते आठवतं? कुशावर्ता प्रश्न अर्धाच वाचते आणि उत्तर पूर्ण लिहिते. माझा निबंध तू तपासायचीस. घरात दखनी बोलणारी तू, आणि माझ्या मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तू काढायचीस, यावरून मी किती चिडायचे! बाकावर वही आपटायचे. तू शांतपणे म्हणायचीस, कुशे, आधी वाच तर खरं. पन्नाशी उलटली, दोनदा निवडून आले, पण अर्धं वाचायची खोड काही गेली नाही.

आता मार्चपासून सांगते. अर्थसंकल्पी अधिवेशनात मी निंबाळवाडीच्या आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत लावून धरली होती. बाळंतपणाच्या खोलीत पावसाळ्यात कशा बादल्या मांडाव्या लागतात ते तूच मला नेऊन दाखवलं होतंस. अधिवेशन संपताना खात्याचं पत्र हातात पडलं. त्यात होतं, ‘प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे.’ तत्त्वतः म्हणजे काय, तर इमारत व्हायला पाहिजे हे सरकारला पटतंय. बस्स. अर्थसंकल्पात तरतूद नाही, नकाशा नाही, निविदा नाही. लग्नाला या म्हटलं की आपण ‘बघू की’ म्हणतो ना, तसलं ते. आणि हे मला पुरतं कळत होतं, सगीरा. न कळायला मी काही पहिल्यांदा निवडून आलेली नाही.

सुदर्शन, माझा पीए, औरंगपुऱ्यातून फ्लेक्सचा नमुना घेऊन आला. माझा फोटो एवढा मोठा की अक्षरं मावेनात. तो म्हणाला, ताई, फोटो लहान करू का? मी म्हटलं, तत्त्वतः कोणाला कळतंय रे, काढ तो शब्द, आणि मान्यताबिन्यता कशाला, सरळ ‘मंजूर’ लिही. फोटो राहू दे. वाचून कपाळावर हात मारला असशील. मार. मी तीन दिवस तेच करतेय.

दर अधिवेशनानंतर गावोगाव सभा घ्यायची, काय आणलं, काय राहिलं ते लोकांना सांगायचं, ही माझी पद्धत तुला माहीत आहे. एप्रिलमधल्या निंबाळवाडीच्या सभेला तूही होतीस, पुढं बायकांमध्ये बसलेली. मी मंजूर म्हटलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणतेस! टाळ्या पडल्या की मग माझं सुटतंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, पैसा आणायचं माझ्याकडं लागलं, तुम्ही फक्त जागा मोकळी करून ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर उपकेंद्रामागचे उकिरडे होते, आणि त्या दोन मोडक्या बैलगाड्या. देवाशपथ, तेवढंच होतं. मागचा पसारा आवरा, एवढंच म्हणायचं होतं मला.

रविवारी पावसाळी अधिवेशनाचं सांगायला निंबाळवाडीला गेले. मोकळ्या, सपाट जागेवर मांडव घातलेला. मला वाटलं नवीन मैदान केलं असेल. खाली उतरले, इकडं तिकडं बघितलं, आणि सरपंच पुंजारामला विचारलं, उपकेंद्र कुणीकडं राहिलं रे? तर तो छाती फुगवून म्हणतो, ताई, तुमी उभ्या हायेत ना, तिथंच व्हतं. तुमी म्हणल्या जागा मोकळी करा, आमी चार दिवसांत केली. सगळं गाव राबलं, सरकारचा एक रुपया लागू दिला नाय. दगड बी रचून ठिवलेत. मी वळून बघितलं तर खरंच, शाळेच्या भिंतीला दगड लावून ठेवलेले, वर दारं-खिडक्या. पुंजारामचं चालूच होतं, आता काम कधी चालू व्हनार ताई, चारदा तुमच्या हापिसात आलो, सुदर्शनभाऊ म्हणले ताई मुंबईला हायेत.

त्याच वेळी मी खाली बसायला हवं होतं, पाणी मागायला हवं होतं, काहीही. पण नाव पुकारलं गेलं आणि मी सवयीनं माइकपुढं गेले आणि सवयीनं पुस्तिका उघडली. ती पुस्तिका कशी होते ते सांगते, लाज वाटते पण सांगते. सुदर्शन वर्तमानपत्रांतली कात्रणं काढतो, त्यांचे विधानसभेसाठी तारांकित प्रश्न करतो आणि मी सह्या ठोकते. एका बैठकीत तीस-पस्तीस. मंत्र्यांकडून छापील उत्तरं आली की ती पुस्तिकेत जातात. जितके प्रश्न जास्त तितकी बाई कामाची, असं लोकांना वाटतं, आणि मीही वाटू देते. तर मी वाचलं. निंबाळवाडी येथील आरोग्य उपकेंद्राची शासकीय इमारत विनापरवाना पाडण्यात आली, हे खरे आहे काय? हे खरे आहे. असल्यास, जबाबदारांवर कोणती कारवाई केली? संबंधित आरोग्य सेविकेस निलंबित करण्यात आले असून विभागीय चौकशी सुरू आहे. खाली सुदर्शननं ठळक छापलेलं, ‘ताईंच्या पाठपुराव्याला यश’. मी तेही वाचलं, सगीरा. ‘यश’ हा शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला, आणि मग डोकं जागेवर आलं.

तेवढ्यात भागूबाई उठली. तू तिच्या तीन सुनांची बाळंतपणं केलीस ती. काठी टेकत पार पुढं आली आणि म्हणाली, ताई, कोणाला काढलं म्हणता? आमच्या सगीराबाईला? अन् ते तुमी काढलं व्हय? मग आता टाळ्या वाजवायच्या का आमी? ती थांबली नाही. म्हणाली, तुमची जागा मोकळी हाय म्हणून माझी नात मागच्या म्हैन्यात जीपमंदी बाळंत झाली, रस्त्यावर, चार बाया लुगडं धरून उभ्या. लेकरू वाचलं, ती देवाची किरपा, तुमची नाय. आणि जाऊन बसली. एवढ्या निवडणुका लढले, शिव्या खाल्ल्या, काळे झेंडे बघितले, पण असं कोणी मला बोललं नव्हतं. आणि त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

सोमवारी मी तुझी फाइल मागवून घेतली. या खेपेला सगळी वाचली, पहिल्या पानापासून. इमारत पाडायची तर आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती निकामी झाली असा सरकारी शेरा. तो नव्हता. दार फोडलेलं नाही, कुलूप किल्लीनं उघडलेलं, आणि किल्ली तुझ्या ताब्यात, म्हणून गुन्हेगार तू. ज्यानं फ्लेक्स लावला त्याला कोणी विचारलं नाही, ज्यांनी पहार घातली त्यांनाही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मग तुझा जबाब आला. तुझं ते वळणदार अक्षर मी लांबूनही ओळखते. ‘ग्रामस्थांनी मागणी केल्यावरून मी किल्ली दिली. याबाबत मला कोणाचाही लेखी अगर तोंडी आदेश नव्हता.’ ते वाक्य मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. कारण ते खोटं आहे. पस्तीस वर्षांत तू सरकारी कागदावर खोटं लिहिलं नसशील, आणि लिहिलंस ते माझ्यापायी.

तू मला फोन केला होतास. तारीख, वेळ मी मोबाइल कंपनीकडून काढून घेतलीय. एकवीस एप्रिल, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं, एक मिनिट दहा सेकंद. मी कुठल्याशा उद्घाटनाला उभी होते, हातात कात्री होती. तू म्हणालीस, कुशे, गावातले लोक किल्ली मागतायत, मला पटत नाही, मंजूर झालंय ना नक्की? मी म्हटलं, अगं झालंय की, फ्लेक्स बघितला नाहीस का? तू म्हणालीस, लेखी आलंय ना? किल्ली कशाला मागतायत, हे मी विचारायला पाहिजे होतं. मला वाटलं मोजमापाला इंजिनिअर आला असेल. तेही वाटलं असं आता म्हणतेय. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, मागं बँड वाजत होता आणि लोक फोटोसाठी खोळंबले होते. मी खेकसले तुझ्यावर. म्हटलं, माझ्या शब्दापेक्षा आता लेखी मोठं झालं का गं तुला? देऊन टाक किल्ली. तू म्हणालीस, ठीक आहे कुशे, तू म्हणतेस तर देते. आणि मी फोन ठेवून फीत कापली.

आता ऐक हे पत्र कशासाठी आहे ते. हे नुसतं तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. प्रत्येक पानावर माझी सही आहे, खाली शिक्का आहे, सोबत फ्लेक्सचा फोटो, खात्याचं ते पत्र आणि फोनची यादी आहे. चपलांचं, शाळेचं वाचून चौकशी अधिकारी हसतील, तर हसू देत. सुदर्शन हात जोडून सांगतोय, ताई, हे बाहेर गेलं तर पुढचं तिकीट विसरा. त्याला म्हटलं, बाबा, तू टपाल घेऊन जा. तू हे पत्र खुलाशाला जोडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. मला सांभाळून घ्यायची तुझी सवय मी ओळखून आहे. म्हणून हे तुझ्या हातात पडायच्या आधीच याची एक प्रत मी चौकशी अधिकाऱ्यांकडं नोंदवलेली असेल, पोच माझ्याजवळ राहील. आता तुझा जबाब आणि माझं पत्र जुळलं नाही, तर दोघींपैकी एक खोटी ठरेल, आणि ती मी नसणार. तेव्हा गुमान नवा खुलासा लिही. तू लेखी मागितलं होतंस, हे घे: निंबाळवाडी उपकेंद्राची किल्ली ग्रामस्थांना देण्यास आरोग्य सेविका सगीरा यांना मी सांगितले होते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेळ आहे. मी साडेचारला नवाबभाईच्या घराखाली गाडी घेऊन उभी राहीन, बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझीच, आणि या कागदापुरती तुझी साक्षीदार,
कुशी
(कुशावर्ता, विधानसभा सदस्य)