टेबलासारखी जमीन

प्रिय कानपिळे,

तुझ्याशी फोनवर बोलून झालं की मी थोडा वेळ तसाच बसून राहतो. तुझी आई म्हणते, यांनी फोन ठेवला, कान ठेवलाच नाही. खरंच आहे तिचं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं कानांनीच शिकलो. लोकांची रानं सपाट करताना मागचं पातं मातीतून नीट चाललं की ट्रॅक्टर गुणगुणतो, फार खोल घुसलं की त्याचा आवाज घोगरा होतो. तू मडगार्डवर गोणपाटाच्या उशीवर बसायचीस आणि तो घोगरा झाला रे झाला की माझा उजवा कान पिळायचीस. मी पातं वर घ्यायचो. सात वर्षांची पोर बापाच्या आधी ऐकते, हे मी लाल कान घेऊन गावभर सांगत सुटायचो. ती उशी अजून तिथेच बांधलेली आहे. नव्या मेकॅनिकने विचारलं, हिच्यावर कोण बसतं? म्हटलं, आमच्या बाईसाहेब बसतात, सध्या रजेवर आहेत.

तुझे जुने मास्तर आठवतात ना? गेल्या वर्षी त्यांचं उंचसखल रान मी सपाट करून दिलं. दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. उंचवटा खरवडला, खळग्यात लोटला, दोरी लावून बघितलं तर बोटभर फरक नाही. असा खूश झालो स्वतःवर! परवा मास्तर भेटले. म्हणाले, तुम्ही जमीन अगदी टेबलासारखी केलीत, आता तिच्यावर टेबलच मांडतो, दुसरं काही उगवत नाही. जाऊन पाहिलं. उंचवट्यावरची सगळी काळी माती खळग्यात गाडली गेली होती आणि तिच्या जागी निव्वळ मुरूम उघडा पडला होता. वरची कसदार माती आधी बाजूला काढून ठेवायची, मग सपाट करायचं, मग ती परत पसरायची, हे मी इतरांना शिकवत आलो. घाईत स्वतःच विसरलो. आता ते रान पुन्हा करून देतोय.

त्या मुरमावर उभा होतो आणि तुझा तो फोन आठवला. लग्नाला चार महिने झाले होते. तू म्हणालीस, बाबा, इथं माझं जमत नाही. मी ट्रॅक्टरवर होतो, इंजिनसुद्धा बंद केलं नाही. ओरडून सांगितलं, अगं, थोडं आपलं खरवडायचं, त्यांच्या खळग्यात भरायचं, होतं सपाट! वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन आईलाही ऐकवलं. त्यानंतर तीन वर्षं तू मला फक्त ‘मजेत’ म्हणतेस. गाणं सोडलंस, नोकरी सोडलीस, हे मला दुसऱ्यांकडून कळतं. आणि तुझं ते ‘मजेत’ दर वेळी आणखी घोगरं होत चाललंय.

म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा काहीतरी शहाणपणाचं बोलून बसेन. ते वाक्य मी परत घेतो, पोरी. पातं फार खोल गेलंय, ऐकू येतंय मला. वर घे. कधी आणि कसं, ते तू ठरव. जावईबापूंशी बोलताना कुणी शेजारी उभं राहायला हवं असेल, तर मी येतो. चार दिवसांसाठी ये, नाहीतर कायमची ये, परत कधी जाणार हे या घरात कुणी विचारणार नाही. तुझ्या खोलीत मी ट्रॅक्टरचे फिल्टर आणि पट्टे भरून ठेवले होते, ते सगळे काल बाहेर काढले. त्या दिवशी इंजिन बंद करायला हवं होतं गं. आलीस की आधी माझा कान पिळ. या वेळी दोन्ही पिळ.

तुझाच,
कान पुढे करून बसलेला
बाबा