कोऱ्या दगडाची कमान

प्रिय काकू,

काका गेल्यावर तू दुसरं लग्न केलं नाहीस, म्हणून चेंग घराण्याने तुझ्या पातिव्रत्याची दगडी कमान उभारली. अक्षरं कोरायला पाथरवट आला त्याच सकाळी तू टोफूवाल्या जिनबरोबर निघून गेलीस, आणि तीही त्याच कमानीखालून! कमान कोरीच राहिली.

काल थोरले आजोबा घण घेऊन आले. म्हणाले, "काय मास्तरीणबाई, कमानी पाडा म्हणून गावोगाव भाषणं ठोकतेस ना? घाल पहिला घाव!"

मी कमानीखाली जाऊन उभी राहिले. "आजोबा, बाकीच्या कमानींखाली जिवंत बायकांचं आयुष्य गाडलंय. त्या पाडा, मी येते. हिच्याखालून एक बाई हसत चालत गेली. हिला हात लावायचा तर आधी मला मारा."

"अगं, कोरी कमान बघून पोरी विचारतील!"

"विचारू देत की!"

घण टाकून ते पाय आपटत निघून गेले.

गावचं टपाल आधी आजोबा फोडतात. त्यांना तुझा पत्ता कळू नये, म्हणून हे पत्र माझ्याजवळच ठेवते.

कमानीवर ते नुसतं 'चेंगांची सून' एवढंच कोरणार होते. आज वर्गात एका पोरीने खरंच विचारलं. मी फळ्यावर तुझं माहेरचं नाव लिहिलं: फान छ्यूयुन. सगळ्या वर्गाने ते मोठ्याने वाचलं.

तुझ्या हातच्या टोफूसाठी आसुसलेली,
रुईझन