साडेपाचचं कानडी

प्रिय प्रीती,

तुझा फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. हसू नकोस. सातवा लागला की बाळंतपणाला साताऱ्याहून येतेच आहेस, बोलायला ढीगभर वेळ मिळेल, हे मलाही कळतं. पण ही गोष्ट तोंडानं सांगायला गेले की मी भलतीकडेच वळते, शेंगाच्या चटणीकडे नाहीतर तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांकडे. म्हणून कागद.

आधी बातमी. आपल्या जतचं रेडिओ केंद्र बंद झालं. गेल्या महिन्यात यंत्र जळालं आणि नवं आणायची संस्थेला उमेद राहिली नाही. परवा चांदसाहेब तारा गुंडाळत होते. सतरा वर्षं त्यांनीच ते यंत्र सांभाळलं. मला म्हणाले, "वैनी, मराठीचं काय न्हाई, ते मोबाईलवर बी मिळतंय. तुमचं कानडी आता कुठं ऐकायचं?" घरी येऊन उगाच कपाट आवरत बसले.

ते कानडी कसं सुरू झालं, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. केंद्रावर सुरुवातीला सगळं मराठीत असायचं. कुठल्या वाडीत टँकर कधी येणार, तेही. पूर्वेकडच्या वाड्यांतल्या बायकांना ते कळायचं नाही. हरणाबाई धनगरणीच्या वाडीत दोनदा टँकर येऊन गेला आणि एक घागर भरली नाही. तेव्हा ती मेंढ्यांसकट केंद्राच्या दारात आली आणि कानडीत अशी भांडली की माडीवरच्या केंद्रातल्या लोकांना नुसता आवाज कळला. मी खालच्या दुकानात बियाणं घेत होते. वर जाऊन तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, तर चांदसाहेबांनी मलाच खुर्ची दिली. म्हणाले, "आता ह्येच उलटं करून सांगा की!" झालं, दुसऱ्या दिवसापासून साडेपाच ते सहा, 'नम्म मातु', म्हणजे आपलं बोलणं.

पहिले आठ दिवस मी लिहून आणलेलं, चांगलं पुस्तकी कानडी वाचलं. हरणाबाई पुन्हा आली. तू काय मामलेदारीण आहेस का, म्हणाली, घरात पोरीशी बोलतेस तसं बोल की. तिला काय ठाऊक, मी घरात पोरीशी कानडी बोलतच नव्हते.

तुला आठवतं का, कोण जाणे. तू चौथीत होतीस. शाळेच्या फाटकाशी मी तुला माझ्या माहेरच्या, अथणीकडच्या कानडीत हाक मारली आणि तुझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. चार पावलं पुढं आल्यावर तू म्हणालीस, "आई, तू तसलं बोलू नको ना." मी बरं म्हटलं. तू बहुधा शाळेपुरतंच म्हणत होतीस, मी घरातूनही काढून टाकलं. नऊ वर्षांच्या पोरीचा त्यात काय दोष? राग येतो तो माझाच. तेव्हा भांडले असते, चार दिवस रुसले असते, तर तू विसरूनही गेली असतीस. पण मी मोठी समजूतदार! माझ्या आईनं मला दिलेली भाषा एका वाक्यासरशी गुंडाळून ठेवली.

मग सांगते तुला, माईकपुढं मी काय केलं. थंडीत सूर्य सहाला मावळतो आणि आपल्या जैनांच्या घरात त्याच्या आत जेवायचं. बाबा तासगावहून उशिरा यायचे, मी केंद्रात. तू घरी एकटीच ताट वाढून घेत असणार, हे डोळ्यांपुढं यायचं आणि तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "ऊटा आतेनवा?" जेवलीस का गं बाई? लोकांना वाटलं, कार्यक्रमाची सुरुवातच अशी आहे. बाजारात अनोळखी बायका मला तेच विचारायच्या, मी हसून मान हलवायची. ते वाक्य तुझं होतं, प्रीती. तू रेडिओ लावत नव्हतीस, हेही मला माहीत होतं. तू कॉलेजला गेलीस, लग्न होऊन साताऱ्याला गेलीस, तरी मी रोज विचारत राहिले.

आता ते अर्ध्या तासाचं घरही गेलं, म्हणून मागते आहे. बाळ पहिले तीन-चार महिने इथं माझ्या मांडीवर असेल. त्याच्याशी मला कानडीत बोलायचंय. तुझ्याशी बोलायचं राहिलं ते सगळं. जावयांना, सम्मेदरावांना विचार, सासूबाईंना विचार, आणि मुख्य म्हणजे स्वतःला विचार. पुढं शाळेत त्याला कुणी हसलं तर या वेळी मी भांडायला येईन, एवढा शब्द देते. फोनवर विचारलं असतं तर तू पटकन हो म्हणाली असतीस, आणि ते मनापासून होतं की माझं मन राखायला, हे मला कधीच कळलं नसतं. दोन दिवस विचार कर आणि लिही. नाही लिहिलंस तरी ठरल्या दिवशीच ये. मराठीत वाढवलेलं लेकरूही मला काही कमी गोड निघालं नाही.

तुझीच,
आई