खरखर न काढण्याबाबत

मी, रावसाहेब येडू शिवशरण, वय ७६, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, राहणार सोलापूर, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. कुणाला शंका असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर मुलगा सुमित व मुलगी दीक्षा यांना निम्मं-निम्मं. "पोरीला कशाला?" म्हणणाऱ्या माझ्या भावाला, दिपकला, या कागदाची एक प्रत जरूर द्यावी.

२. बँकेतली शिल्लक दीक्षाची. माझं दुखणं तिनंच काढलं.

३. आता कॅसेटी. आमच्या दवाखान्यातल्या फिनलंडच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्या देशातल्या एका संगीतकाराच्या तबकड्या होत्या. वाद्यवृंदाच्या छोट्या छोट्या रचना. लांबलचक मला झेपत नाहीत. बाई मायदेशी निघाल्या तेव्हा तबकड्या घरी आणून, स्पीकरपुढे माइक ठेवून मी त्या कॅसेटींवर उतरवल्या. शेजारच्या ईरप्पांचे माग बंद असतील तेव्हाच हे जमायचं. पण माझी पत्नी येसू थोडीच बंद राहणार! एका अगदी हळुवार जागी ती मोरीतून ओरडली, "अवो, दूध उतू चाललंय की! ध्यान कुटं हाय?" तेव्हा लई चिडलो होतो. आता येसू नाही, आणि तिचा आवाज या कॅसेटींखेरीज कुठंही नव्हता.

४. गेल्या उन्हाळ्यात सुमितने कॅसेटी पुण्याला नेल्या. "बाबा, खरखर काढून आणली, ऐका." ऐकलं. संगीत लख्ख, येसू गायब. "तू ऐकल्या होत्यास का रे?" "एवढा वेळ कुणाला हाय? मशीनच करतंय सगळं." आणि मूळ कॅसेटी? भंगारात! दुधाची कॅसेट तेवढी माझ्या टेपमध्ये अडकली होती म्हणून वाचली.

५. ती दीक्षाला द्यायची ठरवली होती. आता सुमितला देत आहे. अट एकच: खरखर काढायची नाही.

का, ते त्याला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितो. भंगारात गेलेल्या एका कॅसेटीत येसू तुलाच हाक मारत होती. "सुम्या, जेवाय ये." तीनदा. तू अंगणात खेळत होतास. ती हाक गेली, पोरा. दूध तेवढं राहिलंय. जप.

याआधी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

सही: रा. ये. शिवशरण
साक्षीदार: १. ईरप्पा बिराजदार (सही) २. पार्वतम्मा गुंडला (सही)
सोलापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५