तिकिटाची पाठ

आई, आज इंटरनेटवर जुन्या तिकिटांच्या एका विक्रेत्याला मी विचारलं, तुम्ही दिलेला नंबर कुठल्या कॅटलॉगचा? त्याने लगेच लिहिलं, 'फोटो दिलाय की!' मला हसू आलं आणि मग तुझी फार आठवण आली. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुला माझंच वय सांगावं लागेल. पंचेचाळिशी ओलांडली, चष्मा लागला, आणि तुझी पोस्टाची तिकिटं माझ्याकडे आहेत. त्यातली जास्तीची मी विकते, थोडी विकतही घेते. विकताना तिकिटाला दोन वेगवेगळ्या कॅटलॉगांनी दिलेले दोन्ही नंबर लिहिते, त्यांच्या आवृत्तीचं साल लिहिते आणि पाठीमागचाही फोटो लावते. लोकांना हे जरा अतीच वाटतं. हा काटेकोरपणा माझा की तुझ्याकडून उसना आणलेला, असं मी अधूनमधून स्वतःला विचारते.

बाबा पोफळीला कोयनेच्या प्रकल्पावर होते तेव्हा तिथे येणाऱ्या परदेशी पाकिटांवरची तिकिटं तुला मिळायला लागली, असं तू सांगायचीस. मला आठवते ती मांडवीच्या घरातली तू. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून यायचीस, चहा टाकायचीस आणि ओट्यावर परातीत कोमट पाणी घेऊन पाकिटांचे कोपरे भिजत घालायचीस. सुटलेली तिकिटं आमसुलांच्या शेजारी कागदावर वाळायची. फिनलंडच्या एका गृहस्थाशी तुझा पत्रव्यवहार होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तुला त्यांची भाषा येत नव्हती. पत्रात वर कॅटलॉगचं नाव, खाली डावीकडे तुझ्याकडच्या जास्तीच्या तिकिटांचे नंबर, उजवीकडे तुला हव्या असलेल्यांचे. बस. बाबा ते पत्र हातात घेऊन म्हणायचे, "हे पत्र की पाढे?" तू म्हणायचीस, "त्यांना कळतं. तुम्हाला कळायची गरज नाही." एकमेकांना कधीही न बघितलेली दोन माणसं नुसत्या आकड्यांवर इतका विश्वास टाकतात, याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. आता वाटतं.

तुला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. संध्याकाळी तू पंचम जॉर्ज राजाच्या तिकिटांचं पान काढून माझ्यापुढे ठेवलंस. एकच जागा रिकामी होती. दहा रुपयांचं हिरव्या-लाल रंगाचं तिकीट, आणि तेही कागदात पुष्कळ बारीक चांदण्यांचा वॉटरमार्क असलेलं. त्याचं जुळं भावंड, एकाच मोठ्या चांदणीवालं, तुझ्याकडे होतं. चित्र तेच, किंमत तीच, रंगही तसाच. वेगळी फक्त कागदातली खूण, आणि म्हणून कॅटलॉगातला नंबर वेगळा. "हे पान पुरं झालेलं मला बघायचंय," तू म्हणालीस. "तुझ्या त्या इंटरनेटवर मिळतं का बघ."

स्टँडजवळच्या सायबर कॅफेत चित्र उघडायचं तर पंख्याखाली बसून वाट बघावी लागे, म्हणून मी आपल्या कॅटलॉगातला नुसता नंबर टाकून शोधलं. सापडलं! स्वस्तही होतं. मुंबईच्या मामाच्या कार्डावर पैसे भरले आणि घरी येऊन मोठ्या रुबाबात सांगितलं. पुढे अमेरिकेतून पाकीट आलं. आत निघालं स्वातंत्र्यानंतरचं एक तिकीट, जुन्या वास्तूचं चित्र असलेलं. ते आपल्याकडे होतंच. मी म्हटलं, "फसवलं मेल्याने." तू छापील पावती डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलीस.

"त्याने कुठे फसवलं गो? अमेरिकन माणूस तो, अमेरिकन कॅटलॉगचा नंबर लिहिणार. आपला नंबर ब्रिटिश कॅटलॉगचा. तू घर नंबर लिहिलास, गाव लिहिलंच नाहीस. पोस्टमन काय करणार?"

एवढंच. मला रडू आलं, कारण तुझ्या डोळ्यांचे ते आठवडे मी वाया घालवले होते. तू ताट वाढलंस आणि म्हणालीस, "जेव आधी. मग लिहून घे." त्या दुपारी तू त्याच माणसाला पत्र सांगितलंस: दोन्ही कॅटलॉगचे नंबर, चांदण्यांचं वर्णन, कडेची छिद्रं शाबूत हवीत, शिक्का हलका चालेल. शेवटी, आधीचं तिकीट तुम्ही बरोबरच पाठवलंत, चूक आमची. हे वाक्य मला घालायचं नव्हतं. "घाल," तू म्हणालीस, "नाहीतर तो बिचारा स्वतःची चूक शोधत बसेल."

त्याचं उत्तर आलं की असं नीट लिहिणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, आपल्याकडे हे तिकीट नाही, पण ओळखीच्या एका विक्रेत्याकडून मिळवून पाठवतो. मग वाट बघणं. बाबा रोज फाटकाकडे बघून म्हणत, "या घरात सगळे राजाची वाट बघतायत. जावयाची कोणाला पडलीय?" मी चिडायचे, तू हसायचीस. पण तेव्हाच भाजी निवडताना तू पानं बोटांनी चाचपायला लागली होतीस, हे मला दिसत होतं.

पाकीट आलं ती सकाळ. तू पडवीत उजेडाला बसली आहेस, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर काळी बशी, हातात चिमटा. आता तुझे डोळे थोडा वेळच साथ देतात, मग पाणी येतं आणि सगळं पुसट होतं. मी घाईघाईने पाकीट फोडते. तू तिकीट घेतेस आणि बशीत पालथं ठेवतेस.

"आई, आधी चित्र बघ! डोळे दमतील."

"थांब गो."

बेंझिनचा थेंब पडतो. कागद काळवंडतो, त्यातली खूण वर येते. तू इतकी वाकतेस की नाक बशीला लागेल. "एक... ही दुसरी... ही बघ, कडेला अर्धी," तू म्हणतेस, आणि तुझा आवाज माझ्या वयाचा होतो. "पुष्कळ आहेत! बरोबर नंबर आला." मग तू मान वर करतेस आणि डोळे मिटतेस. पाणी गालावर आलेलं.

"आता चित्र," मी म्हणते.

"चित्र कितीतरी वर्षं कॅटलॉगात बघितलंय मी. ह्या चांदण्या बघितल्या नव्हत्या." मग डोळे पुसत विचारतेस, "शिक्का राजाच्या तोंडावर नाही ना बसलाय?"

"नाही. कोपऱ्यात आहे."

"मग झालं. लाव पानावर."

मी लावलं. पुढे तू ते पान कधी उजेडात धरून बघितलंस का, मला ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही. डोळ्यांत उरलेला उजेड शोभेवर न घालवता खात्रीवर घालवायचा, हे तुला कसं सुचलं, याचा मी आजही विचार करते. कदाचित तुला त्यात काही वेगळं वाटलंच नसेल. तुझा आनंद खात्रीतच होता.

हे सगळं मी माझ्या रोजच्या वहीत लिहितेय, ते तिथेच राहील. त्या विक्रेत्याने आत्ता पाठीचा फोटो पाठवलाय, नंबर बरोबर आहे, मी तिकीट घेतेय. नियम सगळे तुझेच पाळते. फक्त एक सांगते: पाकीट आलं की मी आधी चित्रच बघते. पुष्कळ वेळ बघते. मग पाठ.