भिंतीवरचा पांढरा चौकोन

मंगळवार, तारीख बारा

माझ्या चिमणीला आजीचा गोड पापा.

मी खुशाल आहे, गुडघा सोडून. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, ओळी वरखाली गेल्या तर हसू नकोस. पत्र मुद्दाम तुझ्या वसतिगृहावर पाठवतेय, घरी नाही. बातमी अशी, की माझा म्हातारपणाचा पगार मंजूर झाला! सरकारचा! जन्मभर लोकांची भांडी घासली आणि आता बसून पगार! शेजारची शिवणवाली म्हणते, "आजी, पार्टी द्या." म्हटलं, "आधी मला दात आणून दे."

पण शी, ती तपासणी! आठवलं की अजून तोंड धुवावंसं वाटतं. साहेब बूट घालून आत आला. पिठाच्या डब्यात हात घातला, गादी उचलली, मोरीत दात घासायचे ब्रश मोजले. माझे धुतलेले कपडे पेनाच्या टोकानं उचलले, मेलेला उंदीर उचलावा तसे.

नियम असा, की कमावता मुलगा असला तर पगार नाही. तो काही पाठवतो का, येतो का, हे लिहायला अर्जात जागाच नाही. तुझ्या बाबाला कामं असतात, मला कळतं गं. तीन वर्षं म्हणजे काही फार नाही.

तर त्याचा फोटो आदल्या दिवशीच शिवणवालीच्या मशीनच्या खणात ठेवला होता. पण भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. साहेबानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"इथं काय होतं?"

"घड्याळ. बंद पडलं."

"मुलगाबिलगा?"

"नाही."

"झालाच नाही, की वारला?"

"वारला."

चिमणे, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्यानं लिहून घेतलं, मी खाली अंगठ्याएवढी सही केली. तोवर त्याची किळस येत होती. तो गेल्यावर माझीच आली. केलेला चहा मोरीत ओतला.

फोटो अजून खणातच आहे. दरवर्षी तपासणी असते म्हणे.

बाबाला यातलं काही सांगू नकोस. पण त्यानं आपणहून विचारलं, 'आई कशी आहे?' तर मात्र सगळं सांग. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन खोटं बोलले म्हणून सांगेन. जाऊ दे तो पगार.

सुट्टीत ये. गल्लीत कुणी विचारलं तर कपडे शिवायला टाकायला आलेय म्हण. दार लावल्यावर मग गळ्यात पड.

वाट बघतेय,
तुझ्या बाबाची आई